शंका-समाधान : पुनरुत्थान आणि पुनर्जन्म

शंका : ज्यू आणि ख्रिस्ती दोघेही मृतांचे पुनरुत्थान मानतात. मग तो पुनर्जन्मच झाला ना? आणि देह परत मिळायचा असेल, तर ख्रिस्ती माणसाला दहन कसे चालते?
– एक वाचक, वसई

समाधान : पुनर्जन्मात आत्मा एक देह सोडून दुसरा धरतो आणि फेरा चालू राहतो. पुनरुत्थानात तोच माणूस देहासह उठतो, एकदाच आणि कायमचा. (ज्यूंच्या कब्बाला या गूढवादी परंपरेत पुनर्जन्म आहे, पण ती कल्पना बरीच नंतरची.)

पुनरुत्थानाची श्रद्धा ज्यूंमध्ये मुळापासून नव्हती. हिब्रू बायबलच्या बहुतेक भागात मेलेले सगळेच, सज्जन असोत की दुर्जन, शेओल नावाच्या अंधाऱ्या अधोलोकात जातात. देवाची कृपा दिसायची ती इथेच : दीर्घायुष्य, मुलेबाळे, जमीन. इ.स.पूर्व १६७च्या सुमारास हा हिशेब मोडला. ज्यूंवर राज्य करणाऱ्या चौथ्या अँटायोकस राजाने सुंता आणि शब्बाथ (साप्ताहिक विश्रांतीचा दिवस) यांवर बंदी घातली आणि धर्म पाळणाऱ्यांनाच मारले. देवाची आज्ञा पाळली म्हणून ज्याचा जीव गेला, त्याला न्याय कधी मिळणार? मातीत निजलेले जागे होतील, असे स्पष्टपणे सांगणारा दानीएलच्या ग्रंथातला भाग याच काळातला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात तर एक तरुण छळणाऱ्यांसमोर आपले हात पुढे करतो. हे हात देवाने दिले, तोच ते परत देईल, अशी त्याची खात्री आहे. मला या श्रद्धेचा गाभा इथे दिसतो. यातना देहाने सोसल्या, तेव्हा भरपाईही देहालाच हवी. नुसता आत्मा अमर असून त्या तरुणाचे समाधान झाले नसते.

येशूच्या काळीही ज्यूंमधला सदूकी पंथ पुनरुत्थान नाकारत असे, परूशी पंथ मानत असे. परूश्यांचा विचार टिकला. सनातनी ज्यू आजही दिवसातून तीनदा मृतांना उठवणाऱ्या देवाची स्तुती करतात. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंच्या प्रार्थनेतही ती आहे. ख्रिस्ती लोकांचे म्हणणे असे, की शेवटच्या दिवशी सर्वांचे जे व्हायचे, ते येशूच्या बाबतीत आधीच घडले. उठलेला देह कसा असेल, हे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना समजावताना प्रेषित पौलाने पेरलेल्या दाण्याचा दाखला दिला : उगवते ते दाण्याहून वेगळेच असते.

आता दहन. कॅथलिक चर्चने १९६३मध्ये त्याला परवानगी दिली, कारण राखेतूनही उठवणे देवाला अशक्य नाही. मात्र दफनच अधिक पसंत आहे, आणि अस्थी नदीत सोडता येत नाहीत. त्या दफनभूमीत किंवा अन्य पवित्र जागी ठेवाव्या लागतात.