अभिजात शिल्पाचे प्रारंभीचे छायाचित्रण

उद्दिष्टे
हा उपघटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• प्रारंभीच्या छायाचित्रकारांनी शिल्प हा विषय का निवडला, हे सांगता येईल.
• छायाचित्र शिल्पाचा अर्थ कसा लावते, हे स्पष्ट करता येईल.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, ग्रीक शिल्प म्हटले की शुभ्र संगमरवरी मूर्ती डोळ्यांसमोर उभी राहते. आपल्यापैकी बहुतेकांनी ती प्रत्यक्ष पाहिलेली नसते. पाहिलेले असते तिचे छायाचित्र. या छायाचित्राने आपली दृष्टी कशी घडवली, ते येथे पाहू.

विवेचन
छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला. तेव्हा प्रतिमा उमटण्यास बराच वेळ लागे आणि माणूस हलला की ती पुसट होई. पुतळा मात्र स्थिर असतो. त्याचा पांढरा पृष्ठभाग भरपूर प्रकाश परावर्तित करतो. इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ (१८४४-४६) या ग्रंथात पॅट्रोक्लसच्या अर्धपुतळ्याची दोन छायाचित्रे दिली. कडक उन्हात सावल्या गडद पडतात म्हणून ढगाळ दिवस निवडावा, ऊन असल्यास एका बाजूस पांढरे कापड धरावे, असे ते सुचवतात. पुतळा किंचित फिरवला तरी निराळे चित्र मिळते, हेही ते नोंदवतात. एका शिल्पाची अनेक चित्रे संभवत असतील, तर त्यांतील एक निवडणे म्हणजे अर्थ लावणेच होय.

टॅलबट यांच्या पद्धतीत एका निगेटिव्हवरून अनेक प्रती निघत. पुढे फ्लॉरेन्समधील अलिनारी बंधूंसारख्या व्यावसायिकांनी कलाकृतींची छायाचित्रे विक्रीस आणली. दूरदूरच्या शहरांतील शिल्पे एकाच टेबलावर शेजारी ठेवून तुलना करणे अभ्यासकांना शक्य झाले.

या लाभाला दुसरी बाजू होती. कलेतिहासकार हाइन्रिख व्योल्फलिन यांनी १८९६ पासून लिहिलेल्या लेखांत आक्षेप घेतला, की छायाचित्रकार मनमानी कोनातून चित्र घेतात आणि शिल्पकाराला अभिप्रेत असलेले मुख्य दर्शन हरवते. शिवाय, प्राचीन ग्रीक मूर्ती मुळात रंगवलेल्या असत; कृष्णधवल छायाचित्रांनी मात्र त्यांच्या शुभ्रतेचा आधीच रूढ असलेला समज अधिक दृढ केला.

सारांश
अनुवाद वाचताना आपण अनुवादकाची निवडही वाचत असतो. शिल्पाच्या छायाचित्राबाबतही हेच खरे आहे. म्हणून कोन, प्रकाश आणि रंग यांविषयी प्रश्न विचारल्याशिवाय ते पुरावा म्हणून स्वीकारू नये.

स्वाध्याय
१. प्रारंभीच्या छायाचित्रणास शिल्प अनुकूल का ठरले?
२. आपल्या परिसरातील एखाद्या पुतळ्याचे सकाळी व दुपारी निरीक्षण करून, प्रकाशामुळे जाणवणारा फरक दहा ओळींत लिहा.