धुराची पारख

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात, पुणे-मिरज लोहमार्गावर, रहिमतपूर हे जुने गाव आहे. येथे रणदुल्लाखानाचा मकबरा व मशीद असून त्यांच्या जवळच हत्तीच्या मोटेची एक उंच वास्तू आहे. गॅझेटियरातील नोंदीप्रमाणे तिची उंची सुमारे 50 फूट असून वर जाण्यासाठी पश्चिमेच्या बाजूने चढण आहे. हत्तीच्या बळाने वर आणलेले पाणी मशिदीतील कारंज्याच्या कामी येई. पाणी किती उंच चढवले म्हणजे ते कारंज्यातून हवे तसे उसळेल, याचा हिशेब कोणीतरी केला असलाच पाहिजे. वास्तू आज आहे. हिशेब करणारा मात्र विस्मृतीत गेला आहे. यंत्रविद्येत हे नेहमीच घडत आले आहे. यंत्र मागे उरते, आणि त्याच्या खोडी ज्याला ठाऊक असतात तो माणूस आपले ज्ञान घेऊन निघून जातो.

कारखान्यात तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या अभियंत्याचेही असेच होते. पंपाचा आवाज किंचित बदलला तरी त्याच्या कानाला ते कळते. बाष्पकाच्या धुराचा रंग पाहून आत काय बिघडले आहे ते तो सांगू शकतो. परंतु साठीच्या सुमारास सत्काराचा हार गळ्यात पडतो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या कानांना व डोळ्यांना काही काम उरत नाही. त्याच्या घरापासून चार मैलांवर एखादा लहान कारखानदार मात्र नेमक्या त्याच ज्ञानाच्या अभावी दररोज पैसे धुराड्यातून उडवीत असतो.

हे कसे घडते ते गुऱ्हाळाच्या उदाहरणाने पाहता येईल. कृष्णेच्या खोऱ्यात ऊस पिकतो, आणि गूळ करण्याचा उद्योग येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शंभर किलो उसापासून साधारणपणे 60 ते 65 किलो रस निघतो व त्याचा दहा-अकरा किलो गूळ होतो. म्हणजे पन्नास किलोंहून अधिक पाण्याची वाफ करावी लागते. उकळत्या पाण्याच्या एका किलोची वाफ करण्यास सुमारे 540 किलोकॅलरी उष्णता लागते. रस प्रथम तापवण्यासाठी लागणारी उष्णता धरली, तर हा खर्च 32,000 किलोकॅलरींच्या आसपास जातो. आता जमेची बाजू पाहू. त्याच शंभर किलो उसाची चिपाडे उन्हात चांगली वाळवली तर ती सुमारे 18 किलो भरतात, आणि ती जाळल्यास साठ हजारांहून अधिक किलोकॅलरी मिळतात. अर्थात, चिपाडांच्या उष्णतेचा निम्मा भाग जरी काहिलीतील रसाला पोचला, तरी गुऱ्हाळाला बाहेरच्या इंधनाची गरज पडू नये.

प्रत्यक्षात अनेक जुन्या चुलवाणांत ती पडते. चिपाडे ओलसर असतात. जाळ घालणारा एकदम मोठा भारा आत लोटतो. त्याला पुरेशी हवा मिळत नाही, आणि अर्धवट जळलेला कोळसा काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतो. चिपाडे संपली की सरपण विकत घ्यावे लागते. काही ठिकाणी तर टाकाऊ रबर व प्लास्टिकही जाळले जाते, आणि तो विषारी धूर शेजारच्या शिवारातील माणसांच्या व गुरांच्या श्वासात जातो.

मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी चार काहिलींच्या एका चुलवाणाची तपासणी करून तिचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध केले. एक किलो गुळासाठी तेथे 2.39 किलो चिपाडे जळत होती. धुरातील प्राणवायूचे प्रमाण पाहून त्यानुसार जाळ बेताने घालण्याची पद्धत ठरवण्यात आली, आणि तेवढ्याच गुळाला 1.73 किलो चिपाडे पुरू लागली. चुलवाण तेच राहिले. बदलली ती जाळ घालण्याची रीत. वरील हिशेबाशी हे आकडे ताडून पाहावेत. शंभर किलो उसाच्या साडेदहा किलो गुळाला पूर्वीच्या रीतीने सुमारे 25 किलो चिपाडे लागतात, म्हणजे इंधन बाहेरून आणणे आले; नव्या रीतीने 18 किलो लागतात, म्हणजे उसाचे इंधन उसाला पुरते.

असे असेल तर गुऱ्हाळवाले ही रीत आपण होऊन का स्वीकारीत नाहीत? त्यांना ती सांगणार कोण, हा खरा प्रश्न आहे. सरकारी निरीक्षक आला की मालक सावध होतो आणि मोजकेच बोलतो. यंत्रे विकणारा आला तर त्याच्या प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी यंत्राची किंमत असते. ज्याला दंड करता येत नाही आणि काही विकायचेही नाही, अशा माणसापुढेच मालक आपली वही उघडी करतो. निवृत्त अभियंता हा असा माणूस आहे.

ही गोष्ट काही देशांनी ओळखली. अमेरिकेतील मिशिगन राज्यात निवृत्त अभियंत्यांकडून लहान उद्योगांची पाहणी करून घेण्याची योजना राबवण्यात आली. पाहणीसाठी उद्योगाकडून मोबदला घेतला जात नसे आणि तिचा तपशील गुप्त ठेवला जाई. टाकाऊ माल, पाणी, वीज व रसायने यांत कोठे बचत होईल, हे तपासणारे लेखी कळवीत. सल्ला मानावा की नाही हे मालकाने ठरवायचे. नेदरलँड्समध्ये 1978 साली आणि जर्मनीत 1983 साली स्थापन झालेल्या संस्था आपल्या निवृत्त तज्ज्ञांना परदेशांतील लहान उद्योगांकडे पाठवू लागल्या. भारतातही 1993 मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषदेने संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेच्या साह्याने कागद, कापडरंगाई व कीटकनाशके यांच्या लहान कारखान्यांत टाकाऊ पदार्थ कमी करण्याचे प्रयोग केले. त्यानंतर एकाच धंद्यातील शेजारच्या कारखान्यांची मंडळे स्थापून एकमेकांचे कारखाने पाहण्याचा उपक्रमही निघाला.

निवृत्तीनंतर राबणारे अभियंते महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. खडकवासल्याच्या धरणावर 1903 मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवणारे विश्वेश्वरय्या 1908 साली मुंबई सरकारच्या सेवेतून बाहेर पडले; परंतु वयाची नव्वदी उलटल्यावरही ते बिहारात मोकामा येथील गंगेवरच्या पुलाची जागा ठरवण्याच्या कामात गुंतले होते.

प्रत्येकाने गंगेवर पूल बांधावा, अशी मात्र अपेक्षा नाही. सांगलीजवळच्या कुपवाडसारख्या औद्योगिक वसाहतीत काम याहून लहान आणि म्हणून सोपे असते. धातूवर मुलामा देण्याच्या कारखान्यात वस्तू द्रावणातून काढताच लगेच पाण्यात बुडवली, तर महागडे द्रावण तिच्याबरोबर धुण्याच्या पाण्यात जाते आणि ते पाणी विषारी होते. तीच वस्तू क्षणभर हौदावर धरून निथळू दिली तर द्रावण वाचते व सांडपाणीही कमी दूषित होते. कामगाराच्या हाताला ही सवय लावण्यास एखादा दिवस पुरतो. तिच्यासाठी यंत्र लागत नाही.

अनुभवी माणसाचाही एक दोष असतो, आणि तो म्हणजे आपल्याला सर्व कळते असे वाटणे. जाळ बदलला की रस उकळण्याचा वेळ बदलतो, आणि पाक उतरवण्याची नेमकी घटका गुळव्यालाच कळते. बोटांच्या चिमटीत पाक धरून तो जे ओळखतो ते कोणत्याही महाविद्यालयात शिकवले जात नाही. म्हणून अशा सल्लागाराने पहिल्या दिवशी काहीच सुचवू नये हे उत्तम. पहाटे घाणा सुरू होताना त्याने यावे, एका काहिलीचा गूळ होईपर्यंत चुलवाणाशी बसावे, किती भारे आत गेले ते मोजावे, धुराड्याकडे पाहावे आणि गुळव्याला प्रश्न विचारावेत. दुसऱ्या दिवशी जाळ घालणाऱ्याशेजारी उभे राहून भारा निम्मा करण्यास सांगावे. मग संध्याकाळी मालकाला बरोबर घेऊन चिपाडांच्या गंजीपाशी जावे, आणि काल त्या वेळी ती किती उरली होती, हे त्यालाच सांगू द्यावे.