दारू सुटेल, पण जायचं कुठे?

प्रश्न : आम्ही उत्तनला राहतो. मालक बोटीवरून आले की रोज पितात. आता ‘सोडतो’ म्हणतात. कुठे न्यावं?

उत्तर : माणूस स्वतः ‘सोडतो’ म्हणतोय, म्हणजे अर्धी लढाई घरातच झाली. मात्र बाटली एकदम बंद करायला लावू नये. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, फिटही येते. क्वचित जिवावर बेततं. त्यामुळे आधी डॉक्टर, मग शपथ.

पहिला फोन १४४४६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर करावा. उत्तनहून ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय गाठता येतं. नावाला बिचकू नये, व्यसन हा मानसोपचाराचाच विषय आहे.

लांब जायची तयारी असेल, तर पुण्याचं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रही आहे. ते डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने.

गुपचूप जेवणात मिसळायची पावडर विकणाऱ्यांना दारातूनच परत पाठवावं. खासगी केंद्र निवडताना नोंदणीचा कागद मागावा, रात्री डॉक्टर असतो का आणि घरच्यांना भेटू देतात का, हेही विचारावं. उपचारांहून परतल्यावर ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या बैठकांना जावं, त्या विनाशुल्क असतात.