डबा बदलण्याआधी आकडा बघा

दोन इमारतींमधली वायरलेस लिंक कुरकुरायला लागली की पहिला संशय गच्चीवरच्या डब्यावर जातो. तो बंद-चालू होतो, फर्मवेअर बदललं जातं, शेवटी नवा डबा येतो आणि बऱ्याचदा दुखणं तसंच राहतं. माझं म्हणणं असं की शोधाची सुरुवात डब्यापासून करूच नये. आधी एक आकडा काढावा: या अंतरावर सिग्नल किती यायला हवा? तो माहीत नसेल तर सगळी दुरुस्ती अंदाजपंचे दाहोदरसे. हिशेब सोपा आहे. अर्धा किलोमीटर अंतर आणि 5.8 गिगाहर्ट्‌झ धरले तर मोकळ्या हवेत साधारण 102 डेसिबेल घट होते. रेडिओची ताकद 20 डीबीएम आणि दोन्ही टोकांना 16 डीबीआयचे अँटेना असतील तर पलीकडे उणे 50 डीबीएमच्या आसपास सिग्नल पोहोचायला हवा. स्क्रीनवर उणे 70 दिसत असेल तर 20 डेसिबेल वाटेत गळतायत, म्हणजे शक्तीचा जेमतेम शंभरावा हिस्सा पोहोचतोय. एवढी तूट फर्मवेअर भरून काढणार नाही. तिथे अँटेनाची दिशा आणि मधली वाटच तपासावी लागते. उलट सिग्नल उणे 50 असूनही वेग पडला असेल तर गच्चीवर पान्हा घेऊन चढण्यात अर्थ नाही. दोष गोंगाटात किंवा केबलमध्ये आहे.

‘समोरची गच्ची स्वच्छ दिसते, मग अडथळा कुठला?’ हा आक्षेप नेहमीचा. पण रेडिओलहरींना नजरेच्या रेषेपेक्षा बरीच रुंद वाट लागते. अर्ध्या किलोमीटरच्या लिंकच्या मध्यावर या वाटेची, म्हणजे फ्रेनेल झोनची, त्रिज्या अडीच मीटर असते आणि तिचा निदान साठ टक्के भाग मोकळा हवा. मधल्या इमारतीची पाण्याची टाकी रेषेच्या मीटरभर खाली असली तरी ती आडवी येतेच. झाडांचं तर आपल्याकडे विशेषच. गुलमोहर उन्हाळ्यात बराचसा निष्पर्ण असतो. मे महिन्यात जुळवलेली लिंक पावसाळ्यात त्याच्या ओल्या पानांमधून जाऊ लागते. दोष मात्र पावसाला दिला जातो. तासाला 100 मिलिमीटर पाऊस कोसळत असला तरी 5.8 गिगाहर्ट्‌झवर किलोमीटरला फार तर एखादा डेसिबेल जातो. 60 गिगाहर्ट्‌झच्या लिंकला पाऊस खरोखर खातो, किलोमीटरला तीसएक डेसिबेल. तिथे तक्रार रास्त आहे. बाकी ठिकाणी पावसात ढेपाळणाऱ्या लिंकची ओली पानं, वाऱ्याने हललेला खांब आणि कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी आधी बघावं. केबल डब्यात शिरण्यापूर्वी खाली झोल देऊन वर नेली नसेल तर पाणी तिच्याच अंगावरून आत ओघळतं.

अँटेना जुळवतानाही घाई नडते. थोडं फिरवल्यावर सिग्नल वाढला की हात थांबतो, पण ते मुख्य झोताऐवजी बाजूच्या झोताचं शिखरही असू शकतं. म्हणून शिखर ओलांडून पुढे जावं, सिग्नल पडू द्यावा, मग परत यावं; आधी आडवं, नंतर उभं.

‘पण बंद-चालू केलं की चालतं, म्हणजे डबाच खराब’ या युक्तिवादात तथ्य दिसतं, तरी त्याने तेवढं सिद्ध होत नाही. चॅनेल निवडणं स्वयंचलित ठेवलं असेल तर सुरू होताना रेडिओ नव्याने शोध घेतो आणि तेवढ्यापुरता मोकळा चॅनेल मिळतो. हा गोंगाटाचाही पुरावा असू शकतो. 2018 मध्ये भारतात 5 गिगाहर्ट्‌झमधले 605 मेगाहर्ट्‌झ परवानामुक्त झाले; शहरातल्या प्रत्येक गच्चीला तिथे तेवढाच हक्क आहे. अशा वेळी ताकद वाढवण्याचा मोह होतो. पण एका टोकाची ताकद वाढवून त्याच टोकाला येणारा सिग्नल सुधारत नाही आणि शेजाऱ्यांचा गोंगाट मात्र वाढतो. त्यापेक्षा चॅनेलची रुंदी 80 वरून 20 मेगाहर्ट्‌झवर आणली तर साधारण 6 डेसिबेल गोंगाट कमी होतो. कागदावरचा वेग घटतो, प्रत्यक्षातला पुष्कळदा वाढतो.

केबलबद्दल थोडक्यात. पोर्टवर 1000 ऐवजी 100 दिसत असेल तर एखादी जोडी तुटली आहे असं समजून दोन्ही टोकं पुन्हा क्रिम्प करावीत. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल गच्चीपर्यंत वीज नेताना दगा देते. ती बदलूनच टाकावी.

एवढा व्याप कशाला, फायबरच का नको, असं कोणी विचारेल. मधे सार्वजनिक रस्ता असेल तर परवानग्यांपायी वायरलेसला पर्याय नसतो. पण दोन्ही इमारती एकाच आवारात असतील आणि चर खणता येत असेल तर माझं उत्तर सरळ आहे: फायबर टाका. ते ना गुलमोहराला जुमानतं, ना शेजारच्या गच्चीला.