ओल्या लंगोटांच्या रेघा

॥ श्री ॥

घाटंजी, जि. यवतमाळ
ता. 6 मे 2025

चि. सौ. लेकीस,


रविवारी दारव्ह्याहून मी निघाले तेव्हा तू दारात उभी होतीस. कडेवर तान्ही, पदराला मधला लोंबकळलेला, आणि थोरला माझी पिशवी एस.टी.पर्यंत तोच आणणार म्हणून हटून बसलेला. तू तेव्हा काही बोलली नाहीस. रात्री मात्र फोनवर म्हणालीस, "मावशी, मला हिला नीट पाजताही येत नाही," आणि फोन ठेवलास. ते वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही. फोनवर मुलं तुला ओढतात, कुलर घरघरतो, निम्मं बोलणं हवेत जातं. म्हणून कागद घेतला. तान्हीला अंगावर घेऊन बसशील तेव्हा एका हातात धरून सावकाश वाच.

आधी हे ऐक. पाजता न येणारी आई तू असतीस तर ते दोन पोट्टे आज अंगणात धुडगूस घालत नसते. थोरला तर जन्मला तोच तुटून पडला होता दुधावर. पण एका आईची तीन लेकरं तीन तऱ्हेची. ही 37 आठवड्यांतच आली, वजन 2 किलो 600 ग्रॅम. अशी बाळं ओढताना लवकर दमतात. चार घोट घेतात, डोळे मिटतात, आपल्याला वाटतं पोट भरलं. अर्ध्या तासात पुन्हा रडतात, तेव्हा घरातलं कोणी म्हणतं, "हिला दूधच नाही, पोरगी भुकेनं रडून राहिली." दूध आहे, ते तिच्या पोटात पुरेसं पोचत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. हा फरक मला कोणी वेळेवर सांगितला नव्हता, म्हणून तुला सांगते.

1986 ची गोष्ट. तुझा मोठा मावसभाऊ कार्तिकात झाला. कापसाची वेचणी जोरात, घरात माणूस ठरेना. तोही असाच झोपाळू होता. माझ्या स्तनाग्रांना चिरा पडलेल्या, पाजायची वेळ आली की अंगावर काटा यायचा. "तुझं दूध पातळ आहे" असं सगळ्यांनी ठरवलं आणि मीही ते मानलं. म्हशीचं दूध, त्यात निम्मं पाणी, आणि बाजारातून आणलेली बाटली. दोन आठवड्यांत त्याला हगवण लागली. डोळे खोल गेले, टाळू खाली बसली. रात्री बैलगाडीत त्याला पोटाशी धरून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, ती वाट मी आयुष्यात विसरणार नाही.

तो वाचला. तिथं रात्रपाळीला एक नर्सबाई होत्या. दुसऱ्या रात्री त्या माझ्याजवळ बसल्या आणि त्यांनी फक्त बाळाची बाजू बदलली. त्याचं पोट माझ्या पोटाला लावलं, मानेला आधार दिला आणि म्हणाल्या, "छाती बाळाकडे नेऊ नको, बाळाला छातीकडे आण." तो तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला लावलं. मग एकदम जवळ घेतला. थोड्या वेळानं त्याच्या गळ्यातून "घट्" असा आवाज आला. मग पुन्हा एकदा. सव्वा महिन्याचा झाला होता तो आणि त्याचा घोट मी पहिल्यांदा ऐकत होते. पुढं 26 वर्षं अंगणवाडीत मी शेकडो बाळंतिणींजवळ बसले, ती त्या रात्रीची शिकवण होती.

आता तुझं. रविवारी मी पाहिलं, तू वाकून पाजतेस. म्हणून पाठ दुखते आणि तान्हीच्या तोंडात नुसतं टोक जातं. भिंतीला पाठ टेकून बस, मांडीवर उशी घे. डाव्या बाजूला पाजायचं तर तिला उजव्या हातावर आडवी घे, तिची मान तुझ्या उजव्या तळहातात, आणि डाव्या हातानं छातीला आधार. तिच्या वरच्या ओठाला स्पर्श कर. जांभई देताना उघडतं तेवढं तोंड उघडलं की लगेच जवळ घे. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग तिच्या वरच्या ओठाच्या बाजूनं जास्त दिसायला हवा, खालून कमी. पहिले दोन-चार क्षण सोडून नंतरही दुखत असेल तर पकड चुकली आहे. करंगळी तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडव आणि पुन्हा लाव. दहा वेळा लावावं लागलं तरी लाव. आयआयटी मुंबईत डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली याच पकडीवर मराठीतूनही चित्रफिती झाल्या आहेत. मोबाइलवर एकदा जावईबापूंसोबत बघ, कारण बाहेरून बघणाऱ्याला चूक लवकर दिसते.

ती झोपली तर झबलं काढ, तळपाय चोळ, आणि ओढणं थांबलं की छाती हलकेच दाब, म्हणजे दूध तिच्या तोंडात येईल आणि ती पुन्हा गिळेल. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. रात्र चुकवू नकोस, रात्रीच्या पाजण्यानं दूध वाढतं. पाजून झाल्यावर हातानं दूध काढ, उकळलेल्या वाटीत, आणि वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं थोडं थोडं दे. चिरांना बाजारातलं काही लावण्याआधी शेवटचे दोन थेंब दूध लावून वाळू दे. छाती दाटली तर पाजण्याआधी कोमट शेक, पाजल्यावर थंड फडकं.

मोजायचं काय, हेही ठरव. रडणं मोजू नकोस. बाळ गरमीनं रडतं, पोटात वायू धरला तरी रडतं, नुसतं कुशीत यायचं म्हणूनही रडतं. मोजायचे ओले लंगोट, आणि वजन. दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले, लघवी फिकट, म्हणजे दूध पोटात जातंय. आणि वजनाचं तुला शेतकऱ्याच्या लेकीला काय सांगू! आपल्या घरी वेचलेला कापूस रोज संध्याकाळी एकाच काट्यावर जायचा, कारण काटा बदलला की हिशेब बदलतो. बाळाचंही तसंच. एकच काटा, बाळ उघडं.

21 व्या दिवशी आशाताईंच्या काट्यावर 2 किलो 700 भरली. जन्मापेक्षा 100 ग्रॅम जास्त. पहिल्या दिवसांत उतरलेलं वजन बाळ साधारण दोन आठवड्यांत भरून काढतं आणि मग रोज 20 ते 30 ग्रॅम वाढतं. त्या मानानं आपली वाढ मंद आहे. घाबरून जाऊ नकोस, पण बसूनही राहू नकोस. 28 व्या दिवसाच्या भेटीची वाट न बघता याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाला दाखव. जिभेखालचा पडदा आखूड आहे का, कावीळ उरली आहे का, हे बघायला सांग. आशाताईंची भेट ही नुसती सही घेण्यापुरती समजू नकोस. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, त्या घरोघरी जाऊन नवजात बाळाला तपासू लागल्या, आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. ते काम 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई काटा घेऊन तुझ्या उंबऱ्यात येतात, त्यामागे हे आहे.

आता पाण्याचं. यवतमाळचा मे महिना, सावलीतही अंग भाजतं. सासूबाई म्हणतात, "चमचाभर पाणी तरी द्या." त्यांचा जीव तुटतो म्हणून म्हणतात, पण देऊ नकोस. आईच्या दुधात शंभरातले जवळजवळ 88 भाग पाणीच असतं. तहान लागली तर ती जास्त वेळा अंगावर येईल. पाणी तू पी. सहा महिने बाळघुटी नको, साखरपाणी नको. आणि मध तर वर्षाची होईपर्यंत जिभेला लागता कामा नये, त्यातून बाळाला घातक विषबाधा होऊ शकते. आणि या उन्हात शेकशेगडी कशाला? धुरानं तिचा श्वास कोंडेल.

दुकानातून आणलेला पावडरचा डबा मी फळीवर पाहिला. 1992 च्या कायद्यानं त्या डब्यावर बाळाचं चित्र छापायला बंदी आहे आणि आईचं दूधच सर्वांत चांगलं हे छापावंच लागतं. सध्या डबा उघडू नकोस. पण डॉक्टरांनी वजन बघून सांगितलं की काही दिवस वरचं द्या, तर रडत बसू नकोस; दे. उकळलेलं पाणी, डब्यावर सांगितलेलं नेमकं माप, वाटी-चमचा, आणि अंगावर पाजणं चालूच. पाणी वाढवून पातळ करायचं नाही. ती चूक माझ्या लेकराच्या जिवावर आली होती. मदत घेण्यात आईला कमीपणा नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली. तेव्हापासून एका आईचं दूध दुसरीच्या अशक्त बाळाला जगवतं आहे.

आणि आता ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं ते. बाळाला आई पाजते, पण आईला घरानं सांभाळावं लागतं. ते तू कोणाला करू देत नाहीस.

रविवारी दुपारी तू आत पाजत होतीस तेव्हा मधला दाराआड उभा होता. तान्हीचं दुपटं तोंडात कोंबून चावत होता. मी विचारलं, "काय झालं रे?" तर म्हणाला, "आई तिचीच झाली." तीन वर्षांचं पोर ते. परवापर्यंत तुझ्या कुशीत त्याची जागा होती. तो पुन्हा अंथरूण ओलं करतो, तान्हीला चिमटे काढतो, तो वाईटपणा नव्हे. तू पाजायला बसलीस की "जा बाहेर" म्हणतेस, म्हणून पाजणं म्हणजे आपल्याला हाकलणं असं त्यानं धरलं आहे. उलट कर. पाजायला बसलीस की त्यालाच हाक मार. तुझ्या पाण्याचा तांब्या आणणं हे त्याचं काम. आणला की तुझ्या दुसऱ्या बाजूला टेकून बसायचा मान त्याचा. एक गोष्ट सांग, नाही तर नुसता त्याच्या केसांतून हात फिरव. फक्त तान्हीजवळ त्याला एकटं सोडू नकोस.

थोरल्याला मी निघण्याआधी एक काम लावून आले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत ओल्या लंगोटाची एक रेघ तो मारणार. पहिलीत गेलेला मुलगा, त्याला पाचाची जुडी बांधता येते. शाळेला सुट्टी आहे, दिवसभर घरात धिंगाणा घालण्यापेक्षा बहिणीचा हिशेब ठेवू दे. पोरांनी लहानपणी घरातलं हे काम पाहिलं, हाताळलं, तर उद्या स्वतःच्या बायकोच्या बाळंतपणात ते दाराबाहेर उभे राहणार नाहीत. आपल्या घरातल्या पुरुषांना हे कोणी शिकवलं नाही. तू शिकव.

जावईबापूंनाही सांग. पेरणीआधीचे दिवस आहेत, कृषी केंद्रावर बियाण्यांसाठी गर्दी असते, रात्री दमून येतात हे मला कळतं. पण रात्रीच्या एका पाजण्यानंतर तान्हीला खांद्यावर घेऊन ढेकर काढणं आणि लंगोट बदलणं त्यांना जमेल. सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना डॉक्टरांकडे सोबत ने. तिथं ऐकलेलं त्या मानतील. भाकरी, वरण, पालेभाजी त्यांच्या हातची पोटभर खा, उपास करू नकोस.

काही खुणा दिसल्या तर मात्र एक तासही थांबायचं नाही: बाळ ओढतच नाही, उठवलं तरी उठत नाही, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास मिनिटाला 60 च्या वर, छाती आत ओढली जाते, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत गेला, दिवसभरात लंगोट जेमतेम ओले. 108 किंवा 102 ला फोन करा. गरज पडली तर सरळ यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात.

आणि तुझ्यासाठीही एक खूण. दोन आठवड्यांहून जास्त दिवस सारखं रडू येतं, बाळ झोपलं तरी झोप लागत नाही, जीव नकोसा वाटतो, तर तेही डॉक्टरांना सांगायचं. तो बाळंतपणानंतर येणारा आजार आहे, त्यावर औषध आहे. मला रात्री दोनला फोन केलास तरी मी उचलीन.

पुढच्या रविवारी येते. हळिवाचे लाडू आणते.

तुझी,
मावशी

ता. क. पत्र पाकिटात घालता घालता थोरल्याचा फोन आला. म्हणाला, "आजी, काल सात रेघा झाल्या. दोन मधल्यानं मारल्या, वाकड्या आहेत." वाकड्या असू देत. ते पान महिना संपला तरी फाडू नकोस.