पोरी, पाय चार्ट काढण्याआधी

शिरोलीच्या फाउंड्रीत क्वालिटीला लागलीस, फार बरं वाटलं. आता महिन्याच्या रिजेक्शनचा पाय चार्ट तुझ्याच गळ्यात पडणार. संगणक तो क्षणात काढून देईल आणि तू मात्र रंग निवडत तासभर बसशील, ओळखतो तुला. रंगांआधी एवढं ऐक.

१. नोंद कास्टिंग समोर असतानाच कर, पाळी सुटताना आठवून नको — घाईच्या वेळी सगळेच दोष ‘ब्लो होल’ होतात.

२. प्रत्येक दोषाचा एकेक नमुना तपासणीच्या टेबलावर मांडून ठेव. ब्लो होलची भोकं आतून गुळगुळीत असतात, श्रिंकेजची पोकळी खडबडीत, वेडीवाकडी. बोट फिरवलं तरी कळतं — दोन पाळ्यांनी एकाच भोकाला दोन नावं दिली, तर चार्ट मालाचा न राहता माणसांचा होतो.

३. दोष मोजतेस की बाद नग, ते आधी ठरव आणि चार्टखाली लिही — एकाच नगात सँड इन्क्लुजनही असतं आणि कोल्ड शटही. तुकडे जोडून मूळ भाकरीपेक्षा मोठी भाकरी होत नाही.

४. तारीख ओतल्याची धर, दोष सापडल्याची नको. कास्टिंगवरचा हीट नंबर त्यासाठीच असतो — ब्लो होल पुष्कळदा मशीनिंगला वरचा थर निघाल्यावर दिसतो. जुलैचा दोष ऑगस्टच्या खात्यात गेला, तर पावसाळ्यातल्या ओल्या वाळूशी त्याचं नातं जुळणार कसं?

५. पाच-सहा तुकडे पुरेत. सगळ्यात मोठा घड्याळातल्या बारापासून सुरू कर, पुढे उतरते लाव — डोळ्याला लांबी चटकन कळते, कोन तितका कळत नाही. क्लीव्हलँड आणि मॅक्गिल यांनी १९८४ साली प्रयोग करून हे दाखवलंय.

६. ‘इतर’ फुगायला लागलं की थांब आणि ते फोडून बघ — ‘इतर’च्या आडोशाला खरा चोर.

७. थ्री-डी नको — पुढचा तुकडा उगाच मोठा दिसतो.

८. किती ओतले आणि किती बाद झाले, हे चार्टशेजारी लिहिल्याशिवाय कागद कुणाच्या हातात देऊ नकोस. समज, १००० नग ओतले, ५० बाद. ब्लो होल २०, सँड इन्क्लुजन १२, श्रिंकेज ८, कोल्ड शट ६, मिसमॅच ४. ब्लो होलचा वाटा ४० टक्के, म्हणजे १४४ अंश. पुढच्या महिन्यात तेवढेच ओतले, २५ बाद, त्यात ब्लो होल १२. तुकडा एकदम ४८ टक्क्यांवर! मीटिंगमध्ये मोल्डिंगवाले बोलणी खातील, आणि त्यांनी तर ब्लो होल २० वरून १२ वर आणलेत — वाटा वाढला म्हणून ढीग वाढत नाही.

९. म्हणून दोन महिन्यांची तुलना करायला दोन गोल नकोत, पट्ट्यांचा आलेख काढ. आणि रुपयांचा हिशोब वेगळा मांड — मिसमॅचचे चारच नग असतील, पण तेच जड असले तर नुकसान त्यांचंच जास्त.

१०. मोठा तुकडा दिसला म्हणजे कारण सापडलं, असं समजू नकोस. ब्लो होल असेल तर ऊठ, वाळूतली ओल तपास, मोल्डमधून गॅस नीट बाहेर पडतो का बघ, कोअर पुरता भाजलाय का ते विचार — दोष कुठला ते चार्ट सांगतो, का ते वाळूपाशी गेल्यावरच कळतं.

११. पहिली प्रत मोल्डिंग लाइनवर लाव, साहेबांच्या टेबलावर नंतर — दोष कमी करणारे हात तिथे आहेत, आणि आपल्या कामाचा हिशोब त्यांना आधी कळायला हवा.