वॉरंट : भावी भागांवरील हक्क

वॉरंट हा शब्द कानी पडताच सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे पोलीस उभा राहतो. भांडवल बाजारातील वॉरंट मात्र हक्क देणारा कागद असतो. ठरावीक मुदतीत, आधीच ठरलेल्या किमतीस कंपनीकडून तिचे नवे भाग विकत घेण्याचा हा हक्क होय. धारकावर भाग घेण्याचे बंधन नसते. त्याने मागितल्यास ते देण्याचे बंधन कंपनीवर असते.

अडचणीत सापडलेल्या कंपन्या धनकोला राजी करण्यासाठी पुष्कळदा वॉरंटे देतात. अमेरिकेतील क्रायस्लर ही मोटार कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली, तेव्हा तिच्या १५० कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जास सरकारी हमी देणारा कायदा जानेवारी १९८० मध्ये अमलात आला. या जोखमीच्या मोबदल्यात सरकारला १ कोटी ४४ लाख वॉरंटे मिळाली. प्रत्येकावर १९९० पर्यंत १३ डॉलरला एक भाग घेता येणार होता. बाजारात भागाचा भाव तेव्हा याहून बराच कमी होता. अर्थात हक्क लगेच वापरण्यात काहीच लाभ नव्हता.

पुढे कंपनी सावरली. उचललेले १२० कोटी डॉलरचे कर्ज तिने मुदतीच्या सात वर्षे आधीच, १९८३ मध्ये फेडले. भागाचा भावही १३ डॉलरच्या पुष्कळ वर गेला. तेव्हा सरकारने वॉरंटांवरील दावा सोडावा, असा आग्रह कंपनीने धरला. परंतु जोखीम टळली म्हणजे ती मुळी नव्हतीच, असे होत नाही. सरकारने लिलाव केला आणि कंपनीलाच प्रत्येकी २१.६०२ डॉलर, म्हणजे एकूण सुमारे ३१ कोटी १० लाख डॉलर मोजून वॉरंटे घ्यावी लागली.

१३ डॉलरमध्ये ही किंमत मिळवली, तर भाग ३४ डॉलर ६० सेंटला पडतो. बाजारात तो त्या वेळी याहून स्वस्त होता. मग अधिक पैसे कशाचे? ते उरलेल्या सात वर्षांचे. तेवढ्या काळात भाव आणखी चढला, तर लाभ धारकाचा; उतरला, तर त्याचे नुकसान वॉरंटाच्या किमतीपुरतेच.

वॉरंटे परक्याच्या हाती जाण्यात कंपनीच्या जुन्या भागधारकांचेही नुकसान होते. समजा, एखाद्या कंपनीचे १०० भाग आहेत आणि २० वॉरंटे वापरली गेली. तर नफ्याचे १२० वाटे होतात. नव्या भागांची रक्कम कंपनीस मिळते खरी, पण ती बाजारभावापेक्षा कमी असते, आणि ती तूट जुन्या भागधारकांच्या वाट्यातून भरून निघते.